पाच माणसं, भरलेली डिकी आणि दीडशे अश्वशक्ती

फोक्सवॅगन व्हर्टस जीटीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवं बसून पाहिलं, की काळ्या अलॉयच्या आऱ्यांमागे लाल रंगवलेला ब्रेक कॅलिपर दिसतो. पुढच्या जाळीवर जीटी, बाजूच्या पत्र्यावर जीटी, आत ॲल्युमिनियमची पेडल्स, सीटवर लाल टाके. मग मागच्या चाकापाशी जावं. तिथे डिस्क नाही, ड्रम आहे. पंचवीस वर्षांपूर्वी कोणत्याही घरगुती गाडीला असायचा तसाच.

स्पोर्टी म्हणून विकल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या सेडानबद्दलचा सगळा वाद या दोन चाकांच्या मधे आहे. गाडी घ्यायची घरासाठी. आई-वडील मागे बसणार, डिकीत गावाहून आणलेली तांदळाची पोती जाणार, शाळेची ने-आण होणार. पण चावी हातात घेणाऱ्याला इंजिनाचीही हौस आहे आणि त्या हौसेसाठी तो दोन-तीन लाख जास्त मोजायला तयार आहे. त्या जास्तीच्या पैशांत नेमकं काय पदरात पडतं?

उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. स्कोडा स्लाव्हिया २०२२ च्या फेब्रुवारीत बाजारात आली, व्हर्टस त्याच वर्षी जूनमध्ये. दोन्ही गाड्या चाकणच्या एकाच कारखान्यात, एमक्यूबी ए-झिरो आयएन या एकाच सांगाड्यावर बनतात. वरच्या मॉडेलमध्ये दोघींना तेच १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे: १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क. दोन चाकांमधलं अंतर २६५१ मिलिमीटर, डिकी ५२१ लिटरची. कागदावर घर आणि हौस दोन्हींची सोय झालेली आहे.

या दीडशे आकड्याला एक इतिहास आहे आणि तोही बराचसा आपल्याच भागातला. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच तिची आरएस आवृत्ती भारतात आणली. १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती. त्या काळी ही श्रीमंतांची गाडी होती. हौशी मध्यमवर्गाची सेडान म्हणजे होंडा सिटी. तिच्या १.५ व्हीटेकची १०६ अश्वशक्ती हा कॉलेजच्या कट्ट्यावर आदराने उच्चारायचा आकडा होता. २००३ मध्ये होंडाने नवी सिटी आणली ती ७७ अश्वशक्तीची, ॲव्हरेजवर विकली जाणारी. व्यवहार म्हणून निर्णय चुकीचा नव्हता, गाडी खपलीही. पण जुन्या व्हीटेकवाल्यांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली, ती आजतागायत.

मग रांजणगावहून फियाट लिनिया टी-जेट आली. १.४ लिटर टर्बो, ११४ अश्वशक्ती. खालच्या आरपीएमला ती झोपलेली असायची, पण एकदा टर्बो जागा झाला की घाटात अशी खेचायची की तिच्या मालकांनी वर्षानुवर्षं सुट्या भागांची शोधाशोध सहन केली आणि गाडी विकली नाही. त्या लिनियाला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. २०१० च्या ११४ अश्वशक्तीच्या गाडीला जे मिळालं, ते २०२२ च्या दीडशे अश्वशक्तीच्या गाडीला मिळालं नाही. हा हिशेब पुढे करावाच लागेल.

आधी इंजिन. ते १५०० सीसीच्या आतलंच का, याचं उत्तर बरंचसं जीएसटीच्या तक्त्यात आहे. २०१७ च्या सप्टेंबरपासून चार मीटरहून लांब पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीवर २८ टक्के कर आणि १७ टक्के सेस होता. त्याच्या वर गेलं की सेस २० टक्के. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० टक्के झाले, पण गाड्या तोवर जुन्या तक्त्याला धरून आखून झाल्या होत्या.) म्हणून या गटातली स्पर्धा १४९८ आणि १४८२ सीसीत अडकली आहे. व्हर्टसचं पहिलं इंजिन, ह्युंदाई व्हर्नाचं दुसरं. ताकद वाढवायची तर ती टर्बोनेच.

टॉर्क २५० वर का थांबला, याचं कारण गिअरबॉक्समध्ये सापडतं. सात गिअरचा, कोरड्या क्लचचा जो डीएसजी या गाड्यांत बसवला आहे, त्याची स्वतःची सहनशक्तीच २५० न्यूटन मीटरची आहे. इंजिनातून आणखी काढता आलं असतं. गिअरबॉक्सने ते पेललं नसतं. त्यामुळे टर्बोचा दाब वाढवणारं सॉफ्टवेअर बाहेरून टाकून घेण्याची जी फॅशन आहे, तिच्यात नक्की कोणत्या भागावर घाव बसतो हे हौशी मालकांनी ओळखून असावं.

जाहिरातीत आणि गप्पांत एकच परीक्षा चालते: शून्य ते शंभर. व्हर्टस आणि स्लाव्हिया ते साधारण नऊ सेकंदांत करतात. व्हर्नाच्या १६० अश्वशक्तीच्या टर्बोसाठी ह्युंदाई ८.१ सेकंदांचा दावा करते. हे आकडे खोटे नाहीत, पण ते गाडीत एक-दोन माणसं बसवून, सपाट रस्त्यावर, डिकी रिकामी ठेवून काढलेले असतात. घरच्या गाडीच्या नशिबी असा दिवस क्वचितच येतो.

म्हणून परीक्षा दिवाळीच्या गर्दीत, गावी निघालेल्या गाडीची घ्यावी. गाडीचं स्वतःचं वजन साधारण साडेबाराशे किलो. त्यात पाच माणसं सव्वातीनशे किलोची आणि बॅगा-पिशव्या पाऊणशे किलोच्या. एकूण १६५० किलो. रिकाम्या गाडीला टनामागे १२० अश्वशक्ती मिळत होती, ती आता ९१ वर आली. एकट्या ड्रायव्हरच्या तुलनेत वजन पाव हिस्सा वाढलं, म्हणजे पिकअपही जवळपास त्याच प्रमाणात मंदावला. नऊ सेकंदांचे अकरा झाले. लहान, एक लिटरच्या इंजिनाच्या व्हर्टसमध्ये ११५ अश्वशक्ती आहे. तिच्यावर हेच ओझं घातलं की टनामागे सत्तरच्या आसपास उरते. दोन इंजिनांतला फरक शहरात एकट्याने फिरताना जेवढा जाणवतो, त्याहून जास्त तो भरल्या गाडीत जाणवतो.

ताम्हिणी घाटातून माणगावकडे किंवा आंबा घाटातून साखरप्याकडे जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुपदरी रस्ता, पुढे मालाने भरलेला ट्रक, मोकळी जागा मोजकी. समोरून ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. आपणही तेवढ्याच वेगात असू तर मधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने घटतं. ओव्हरटेक दोन सेकंद लवकर उरकला, तर समोरच्या गाडीत आणि आपल्यात जवळपास ९० मीटर जास्त राहतात. पाच माणसांच्या गाडीत ताकदीचा खरा उपयोग हा आहे. ज्यांना स्पोर्टी गाडी म्हणजे निव्वळ चैन वाटते, त्यांनी हे ९० मीटर जरूर मोजावेत.

इथे व्हर्टस-स्लाव्हियाची १.५ टर्बो पूर्ण उतरते. तिचा २५० न्यूटन मीटर टॉर्क १६०० आरपीएमलाच हाती येतो आणि ३५०० पर्यंत टिकतो. २००० आरपीएमला तिच्याकडे ७१ अश्वशक्ती तयार असते. टर्बो नसलेली होंडा सिटी १२१ अश्वशक्तीची असली, तरी ती शक्ती मिळते ६६०० आरपीएमला. तिचा १४५ न्यूटन मीटरचा कमाल टॉर्कच २००० आरपीएमला मिळतो असं उदारपणे धरलं, तरीही आकडा ४१ च्या पुढे जात नाही. सिटीचा ड्रायव्हर दोन गिअर उतरून, इंजिन ओरडायला लावून ट्रक मागे टाकतो. त्यात एक निराळी मजा आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण मागे आजी झोपलेली असताना उजवा पाय थोडासा दाबून, आवाज न चढवता पुढे निघून जाणं, हे टर्बोचं काम. त्यातून घाटमाथ्यावर हवा विरळ होत जाते तशी साध्या इंजिनाची ताकद घटते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३७२ मीटरवर आहे. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो.

पावसात मात्र जपायला हवं. सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर येते. ओल्या चढावर पहिल्या गिअरला पाय जोरात दाबला, तर टायर आधी घसरतात, ईएससीचा दिवा लुकलुकतो आणि मग गाडी सावरून निघते. व्हर्नाची ताकद दहा अश्वशक्तीने जास्त, तिचीही गत तीच. ताकद असणं वेगळं आणि ती रस्त्यावर उतरवणं वेगळं.

गाडी थांबते कशी, हा दुसरा पेपर. १६५० किलोची गाडी ताशी १०० च्या वेगातून उभी करायची, तर ब्रेकना सुमारे ६३७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलून हवेत सोडावी लागते. दोन लिटर पाणी गार असताना गॅसवर ठेवून उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढीच; फक्त ती चार-पाच सेकंदांत निर्माण होते. वेग १२० असेल तर ती ४४ टक्क्यांनी वाढते.

ड्रम ब्रेकची बाजू प्रामाणिकपणे मांडायची तर पुढच्या चाकांनी चालणाऱ्या सेडानमध्ये ब्रेकचं बहुतेक काम पुढच्या डिस्कच करतात. अचानक एकदाच ब्रेक मारावा लागला, तर गाडी किती अंतरात थांबेल हे मुख्यतः टायर आणि एबीएस ठरवतात. ड्रममुळे तिथे फारसं बिघडत नाही. अडचण येते ती लांबलचक उतारावर, गाडी भरलेली असताना, वळणावळणाला ब्रेक लागत असताना. ड्रम बंदिस्त असतो, त्यातली उष्णता लवकर निघत नाही. अशा वेळी पॅडल शिफ्टरने गिअर उतरवून इंजिनालाच गाडी धरायला लावणं हा योग्य उपाय. तो जाणता ड्रायव्हर करतोच. पण ज्या गाडीच्या पुढच्या कॅलिपरला दिखाऊ लाल रंग दिला, तिला मागे डिस्क देण्याएवढे पैसे नक्कीच खर्च करता आले असते. व्हर्नाच्या टर्बोला त्या आहेत. इथे चाकणची गाडी कमी पडते, आणि जीटी नाव लावल्यावर ही उणीव माफ करता येत नाही.

डीएसजीचं प्रकरण जरा नाजूक आहे. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. एक गिअर चालू असताना पुढचा तयार उभा असतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर गिअर बदलला हे मागच्या सीटवर कळतही नाही. त्या वेळी या पैशांत याहून सरस ऑटोमॅटिक नाही. पण संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या रांगेत गाडी एकेक वाव सरकते, तेव्हा कोरडा क्लच सतत घासत राहतो. माणूस हाफ क्लचवर गाडी धरतो तेच काम इथे यंत्र करतं. पाय हलकाच टेकवला तर क्षणभर काही होत नाही आणि मग गाडी किंचित झटका देऊन निघते. चढावरच्या पार्किंगमध्ये हेच जरा जास्त जाणवतं. या सात गिअरच्या डीएसजीचा भूतकाळ जगजाहीर आहे: २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या आणि त्याच वर्षी तेल बदलून देण्यासाठी इतर देशांतही मोठी मोहीम काढावी लागली. त्यानंतर गिअरबॉक्स सुधारत गेला हे खरं, तरी रोज दोन तास तुंबलेल्या रस्त्यावर काढणाऱ्या कुटुंबाने लांब मुदतीची वॉरंटी घेतल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. ज्याला क्लच दाबायचा कंटाळा नाही, त्याने सहा गिअरची मॅन्युअल शोधावी. इंजिन तेच, आणि ड्रायव्हरशी तिचं अधिक जमतं.

वळणांवर सेडानचं सेडान असणं कामी येतं. याच कारखान्यात, याच सांगाड्यावर, याच १.५ इंजिनाने चालणाऱ्या कुशाक आणि टायगुन बनतात. दोन चाकांमधलं अंतरही तेच, २६५१ मिलिमीटर. पण त्यांची उंची १६१२ मिलिमीटर, स्लाव्हियाची १५०७. दहा सेंटिमीटर कमी उंचीचा परिणाम आकड्यात लहान दिसतो. घाटात मागच्या सीटवर बसणाऱ्याला तो पोटात कळतो. ज्या मुलाला गाडी लागते, त्याच्यासाठी गाडी वळणात किती कलते आणि कललेली किती लवकर सरळ होते, हाच परफॉर्मन्स. उंच गाडी डावीकडे झुकते, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. तिसऱ्या वळणाला पिशवी मागितली जाते. स्लाव्हिया-व्हर्टसचं सस्पेन्शन दगडासारखं कडक नाही, जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर आहे, गतिरोधकावर पोट घासत नाही. तरीही वळणात त्या एका झटक्यात बसतात आणि तशाच राहतात. खड्ड्यात मागचा भाग आवाज करतो. मागचा अ‍ॅक्सल साधा टॉर्शन बीमचा आहे. पण एकूण जुळवणी उत्तम. सगळ्यांना एसयूव्हीच हवी असण्याच्या काळात ही गोष्ट ठासून सांगायला हवी: ज्या घरात पाच माणसं घाटातून वारंवार प्रवास करतात, त्या घराने त्याच पैशांत उंच गाडी घेण्याआधी एकदा सेडानमध्ये मागे बसून पाहावं.

मागची मधली जागा मात्र नावापुरती. रुंदी १७५२ मिलिमीटर, त्यात मधे उंचवटा. पाचवा माणूस लहान असेल तरच सगळे सुखाने पोचतात.

सुरक्षिततेचा भाग लांबवायची गरज नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत दोन्ही गाड्यांना मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच-पाच तारे मिळाले. मोठ्यांसाठी ३४ पैकी २९.७१ गुण, मुलांसाठी ४९ पैकी ४२. सांगाडा स्थिर ठरला. वेगाची हौस असणाऱ्याच्या घरी हा आकडा शून्य-ते-शंभरच्या वर लिहिलेला असावा.

वेग वापरायचा तरी कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाटीवर १०० ची मर्यादा, घाटात ६० ची, आणि आता कमानींवरचे कॅमेरे चलन थेट मोबाइलवर पाठवतात. २०१९ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या गाडीत ८० ओलांडले की इशारा वाजतो, १२० ला तो अखंड चालू राहतो. नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. तिथे कारला १२० ची परवानगी आहे. दीडशे अश्वशक्तीच्या सेडानला १२० म्हणजे आरामाची चाल. इंजिन शांत, गाडी जमिनीला धरून. भार कमी असला की दोन सिलिंडर बंद पडून उरलेल्या दोनांवर गाडी चालते. ते कधी झालं हे मीटर पाहिल्याशिवाय समजत नाही. हा आरामच तिथला धोका आहे. तासन्‌तास सरळ रस्ता, तापलेलं काँक्रीट, भरलेली गाडी आणि हवा कमी असलेला टायर. या रस्त्यावर परिवहन विभागाला गाड्या थांबवून टायर तपासायची वेळ आली होती. २०५/५५ आर१६ चे टायर पाच जणांसाठी किती हवेवर ठेवायचे, हे कंपनीच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं: दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत. पूर्ण भाराचा रकाना वेगळा असतो, आणि तो बघणारे फार थोडे.

ॲव्हरेजचा प्रश्न आपल्याकडे सुटत नाहीच. टर्बोचं गणित सरळ आहे: पाय हलका तर खर्च हलका, ताकद मागितली तर पेट्रोल मागते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ॲव्हरेज थोडं घटतं, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश. ज्याला प्रत्येक लिटरचा हिशेब ठेवायचा आहे, त्याच्यासाठी २०२२ मध्येच आलेली होंडा सिटी हायब्रिड आहे. तिच्या विजेच्या मोटरचा टॉर्क २५३ न्यूटन मीटर आहे आणि शहरातल्या रेंगाळत्या गर्दीत ती डीएसजीपेक्षा कितीतरी गुळगुळीत चालते. मोकळ्या रस्त्यावर ती जीटीला गाठत नाही.

घेताना एक सावधगिरी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फोक्सवॅगनने व्हर्टसची जीटी लाइन आणली. काळा साज तोच, नावात जीटी तेच, पण बॉनेटखाली एक लिटरचं ११५ अश्वशक्तीचं इंजिन. इंजिन वाईट नाही, शहरात पुरेसं आहे. फक्त वर मांडलेला ओव्हरटेकचा हिशेब त्याला लागू होत नाही. बिल्ला बघून नव्हे, आरसी बुकातली सीसी बघून गाडी ठरवावी.

शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हला बहुधा एकटा घेणारा आणि सेल्समन जातात, दोन सिग्नल आणि एक उड्डाणपूल करून परत येतात. एवढ्यात या गाडीबद्दल कळण्यासारखं फार कमी कळतं. घरातल्या सगळ्यांना बसवावं, एसी पूर्ण लावावा आणि पुण्यातला माणूस असेल तर कात्रजचा जुना घाट चढून उतरून यावा, मुंबईचा असेल तर निदान घोडबंदरच्या चढापर्यंत तरी. चढावर मध्येच थांबून पुन्हा निघावं. उतारावर गिअर उतरवून बघावा. येताना गर्दीच्या वेळेचा रस्ता धरावा. परतल्यावर मागच्या सीटवर बसलेल्यांना आधी विचारावं आणि मगच किमतीची बोलणी सुरू करावीत.